आजाऱ्याची खोली

दि. ४ नोव्हेंबर

दादास,

मोठ्या भावाला आधी नमस्कार करतात, म्हणून नमस्कार. तब्येतही विचारतात, म्हणून विचारते, गुडघा कसा आहे? रंगाचं काम काल संपलं. किल्ल्या सोबत पाठवतेय. रविवारी तू सगळ्यांना नवं घर दाखवायला बोलावलंयस, त्याआधी स्वतः एकदा आतून बघून घे.

घरचीच आर्किटेक्ट असताना बाहेरची कशाला, म्हणून काम मला दिलंस. सांगितलेलं सगळं केलंय. दाराबाहेर हात धुवायची जागा, पार्सल ठेवायला कट्टा, घरून काम करणाऱ्याला वेगळी खोली, समोरासमोर खिडक्या. साथीनंतर जो येतो तो हेच मागतो. तूही तुझ्या फ्लॅटच्या जाहिरातीत आता 'घराघरात मोकळा श्वास' असं छापतोस. बैल गेला आणि झोपा केला! वाचून मी आधी हसले, आणि मग इतका संताप आला की ती जाहिरात फाडून टाकली.

"आजाऱ्यासाठी एक खोली हवीच," तू म्हणाला होतास. "टाक मागे कुठेतरी, स्वयंपाकघराच्या पलीकडे."

तुझी सवय मला माहीत आहे. नकाशात तू फक्त घराचं तोंड बघतोस आणि आतलं पान न उलटता सही ठोकतोस. बांधकाम चालू असतानाही गाडीतूनच मान डोलावून गेलास. म्हणून सांगते, ती खोली मागे नाही. दिवाणखान्याला लागून आहे आणि मधली अख्खी भिंत काचेची आहे. हवा वेगळी, न्हाणी वेगळी, बाहेर उघडणारी मोठी खिडकी. खाटेवरच्या माणसाला सगळे दिसतील, आणि टीव्हीसमोर बसलेल्यांना तो.

साथीत आई तुझ्या जुन्या घरी आजारी पडली, तेव्हा मी फोन केला की मागे तुझा टीव्ही कानठळ्या बसवत असायचा. "आई झोपलीय गं, उगाच उठवू नको." रस्ते बंद होते, मला येता येत नव्हतं. मी विश्वास ठेवला.

तुला माहीत नाही, पण आईने तिच्या फोनवरून मला एकदा लावला होता. आवाज ओळखू येत नव्हता. "दादाला सांग, दार तरी उघड म्हणावं. या सामानाच्या खोलीत खिडकी नाही गं बाळा, जीव गुदमरतो. मी भिंत ठोकते, त्यांना ऐकू जात नाही." मी लगेच तुला फोन लावला, लावत राहिले. तू उचलला नाहीस.

लोकांना तू सांगतोस, आई दवाखान्यात गेली, आम्ही काही कमी केलं नाही. दवाखान्यात तिला नेलंस ते सगळं संपल्यावर. घाबरला होतास, मान्य. सगळेच घाबरले होते. पण आई भिंत ठोकत असताना टीव्हीचा आवाज तुझ्याशिवाय कोणी वाढवला नाही.

रविवारी पाहुणे विचारणारच, ही काच कशासाठी. घराचा नकाशा मी काढलाय, म्हणजे मलाच विचारतील. मी सांगणार आहे. वहिनीच्या माहेरच्यांसमोर, तुझ्या गिऱ्हाइकांसमोर, एकही शब्द न गाळता.

काच काढून विटा लावायच्या असतील तर अजून वेळ आहे. गवंड्यांना मी थांबवून ठेवलंय. फक्त भिंत का हवी, ते त्यांना तू स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय ते वीट उचलणार नाहीत.

'तुझी' असं लिहवत नाही.

आईची,
धाकटी