तिसरी चिठ्ठी

१ ऑगस्ट २०१३, गुरुवार

पुस्तकातली बाई मूर्ख आहे. नवऱ्याला शिपायांनी उचललं आणि हिच्या जिभेवर दगड उगवला म्हणे! दर वर्षी थोडा थोडा वाढतो. वाचनालयात अक्षरं शिकणाऱ्या आम्ही आठ म्हाताऱ्या आणि शिकवणारी फ्रेसिया. वय तिचं तीस, उत्साह आठ जणींचा. मला विचारते, "कशी वाटली गोष्ट, उबेरलिंदाबाई?"

म्हटलं, "जिभेला काही होत नाही. माझ्याही माणसाला नेलं. चाळीस वर्षं झाली. मी एक दिवस गप्प बसले नाही — शेजाऱ्यांना विचार!"

सगळ्या हसल्या. फ्रेसिया हसली नाही. म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

मी म्हटलं बस चुकेल, आणि उठले.

बस चुकली नाही. पंधरा मिनिटं थांब्यावर उभी होते.

२ ऑगस्ट

गुडघा.

४ ऑगस्ट, रविवार

एदेल्मिरा चर्चमधून सरळ चहाला आली. काखेत ते काळं प्रार्थनापुस्तक, सोनेरी कडांचं. तरुणपणी गिरणीमालकाच्या बंगल्यात कामाला होती. ते जर्मनीला परत गेले तेव्हा मालकिणीनं दिलं. पन्नास वर्षं दर रविवारी बाई त्यावरून बोट फिरवते, ओठ हलवते. आमच्या टेकडीवर वाचता येणारी बाई म्हणजे एदेल्मिरा. माझ्या पोरीची धर्ममाताही तीच, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

म्हटलं, "चल की गुरुवारी माझ्याबरोबर."

"ती पोरगी मला काय शिकवणार, कोमाद्रे? मला वाचायचं ते मी कधीच वाचून ठेवलंय."

गरम तळलेल्या चार सोपाइपिया खाल्ल्या. वर म्हणते, मीठ कमी!

८ ऑगस्ट, गुरुवार

पुस्तकातली बाई नवऱ्याचे बूट पिठाच्या डब्यात लपवते. फ्रेसियानं विचारलं, "त्या वेळचं काही लपवलेलं अजून आहे का कुणाच्या घरात?" सगळ्या जणी खिडकीबाहेर बघायला लागल्या. खिडकीबाहेर भिंत आहे.

मी म्हटलं, "नाही."

९ ऑगस्ट

खोटं बोलले. बिस्किटांचा डबा आहे, कपाटावर. आत तीन चिठ्ठ्या. सिगारेटचा कागद, पेन्सिल.

सैन्यानं देश ताब्यात घेतला तेव्हाची गोष्ट. माझ्या माणसाला छावणीत ठेवलं होतं. दर शनिवारी आम्ही बायका फाटकावर धुतलेले कपडे द्यायचो, मळके परत घ्यायचो. मळक्या सदऱ्याची कॉलर उसवली की आत चिठ्ठी. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पोर कडेवर घेऊन एदेल्मिराकडे धावायचे. ती दार लावायची, कागद उजेडाला धरायची आणि वाचायची. मी बरा आहे. पोरीला दूध पाज. परत येईन. तिसरीत होतं, काही झालं तरी शिलाई मशीन विकू नकोस.

चौथ्या शनिवारी फाटकावरचा शिपाई म्हणाला, या नावाचा इथं कुणी नाही. कधी नव्हताच.

मशीन विकलं नाही. त्याच्यावरच पोर वाढवली. अर्ध्या टेकडीच्या शाळेचे गणवेश शिवले. आणि वाट बघितली. येईन म्हणाला होता ना!

वर्ष झालं मला वाचता येतंय. डबा उघडलेला नाही. का? कपाट उंच आहे.

१२ ऑगस्ट

स्टुलावर चढले.

सगळी सकाळ गेली. तीन चिठ्ठ्या, मिळून सात ओळी.

पहिली — पुस्तकं खुराड्याखाली पुरली आहेत. काढून जाळ.

दुसरी — जाळलीस का? कुणाला सांगू नकोस.

तिसरी — मशीन विक. पोरीला घेऊन बहिणीकडे जा, डोंगरापलीकडे. माझी वाट बघू नकोस.

पुन्हा वाचलं, बोट ठेवून. फ्रेसिया म्हणते घाईत माणूस अक्षरं गिळतो. मी एकही गिळलेलं नव्हतं.

दूध नाही. परत येईन नाही. चाळीस वर्षं मी वाट बघितली ती कुणाच्या सांगण्यावरून?

१३ ऑगस्ट

एदेल्मिराच्या दारात गेले. आत ये म्हणाली, गेले नाही.

"त्या चिठ्ठ्यांमधलं होतं तेच वाचलंस का गं मला?"

"होतं तेच."

"पोरीची शपथ घे."

तिचा चेहरा उतरला. "म्हातारपणी डोकं फिरलंय तुझं," म्हणाली आणि दार लावलं.

त्या दिवसांत छावणीचे कान प्रत्येक गल्लीत होते. कोण होतं ते कधी कळलं नाही. मी तिला कधी त्यात धरलं नव्हतं. आज धरलं. घरी येऊन चुलीत लाकडं कोंबली. रागानं. थंडीनंही असेल, हिवाळा संपत नाही.

२० ऑगस्ट

नात मिलाराय कन्सेप्सिओनहून आली. तिच्या हातात फावडं दिलं. म्हणाली, "आजी, कोंबड्या मेल्या त्याला वीस वर्षं झाली!" म्हटलं, खण.

गुडघाभर खोलीवर मेणकापडात शिवलेलं गाठोडं लागलं. त्याच्या गिरणीचं कापड, टाकेही त्याचेच — वेडेवाकडे, मला न विचारता घातलेले. अकरा पुस्तकं. चारांचा लगदा झालाय. सात धड! कामगार संघाच्या वाचनालयाचा शिक्का अजून निळा आहे. एक तर मधमाश्या पाळण्याचं. मिलाराय म्हणते, "यासाठी माणसं धरायचे?" पुठ्ठा लाल आहे ना, म्हटलं. शिपायांना तेवढं पुरे असायचं.

शिपायांनी दोनदा घर उलटंपालटं केलं होतं. कोंबड्या नेल्या. खाली कुणी पाहिलं नाही.

सातही चुलीच्या बाजूला वाळत ठेवलीत. चाळीस वर्षांपूर्वी मला ती चिठ्ठी खरी वाचून दाखवली असती तर त्याच चुलीत गेली असती. हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. राग कमी झालेला नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

चहाला कुणी नाही. सोपाइपिया उरल्या. मीठ बरोबर होतं.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये गेले. देवाचं आणि माझं फारसं बोलणं नाही, पण एदेल्मिराला घरी गाठता येत नाही, दार उघडत नाही. मागच्या बाकावर बसले. ती प्रसादाला उठली, पुस्तक बाकावर राहिलं. म्हटलं बघू तरी, एवढी कुठली प्रार्थना म्हणते.

अक्षरं ओळखीची. शब्द एक लागेना. पान उलटलं. चित्र — डुकराची मांडी, कुठून कापायची त्याच्या रेघा मारलेल्या. पुढच्या पानावर केक.

जर्मन स्वयंपाकाचं पुस्तक! पन्नास वर्षं पाद्री तारणहाराचं दुःख सांगतोय आणि ही बाई डुकराच्या मांडीवरून बोट फिरवतेय!

परत आली. मला पाहिलं, माझ्या हातातलं पाहिलं. पुस्तक काढून घेऊन काखेत मारलं आणि दाराकडे चालू लागली.

बाहेर पायरीवर बसलो. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बंगल्यात होते म्हणून सगळे समजायचे हिला वाचता येतं. मीही समजू दिलं. आणि तू दारात उभी होतीस, सात महिन्यांची पोर कडेवर, ओठ पांढरेफटक. येत नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्या कुणाकडे गेली असतीस. आणि त्यानं छावणीत जाऊन सांगितलं असतं तर?"

"आणि मशीन?"

"ते विकून खाल्लं काय असतंस गं, माती?"

मला हसू आलं. मग थांबेना. पाद्री बाहेर येऊन बघून गेला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज आम्ही नऊ. फ्रेसियानं एदेल्मिराला तिच्या नावाचं पहिलं अक्षर गिरवायला दिलं. मग मीच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं — त्याचं नाव नोलास्को. नोलास्को रिफ्फो. जिभेला काही झालं नाही.

बसमध्ये एदेल्मिरानं हळूच विचारलं, "खरं काय लिहिलं होतं गं त्यानं?" डबा पिशवीत होता. पहिल्या दोन होत्या तशा वाचल्या. तिसरी उजेडाला धरली. "मशीन विकू नकोस," वाचलं.

"बघ! म्हटलं नव्हतं?" अख्ख्या बसनं वळून पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिला वाचता येईल. मग तिसरी तिनंच मला वाचून दाखवायची. या खेपेस, लिहिलीय तशी.