संसदेच्या समितीपुढे काळी केळी

आबा, आज बुऱ्हाणपुरात संसदेची समिती आली होती, आणि मी तिच्यापुढे काळी पडलेली केळी मांडली. तुम्ही आयुष्यभर इथल्या लालबाग स्टेशनच्या मालधक्क्यावरून उत्तरेकडे केळी पाठवलीत, मी आखातात पाठवते. अडचण एकच. परदेशी जाणाऱ्या केळ्यात फवारणीचा अंश नाही ना, हे तपासणारी प्रयोगशाळा लांब आहे, आणि तिचा दाखला आल्याशिवाय कंटेनर हलत नाही. केळं काही दाखल्यासाठी थांबत नाही. यंदाही असंच चाललं तर मला निर्यात बंद करावी लागेल. समिती याचीच चौकशी करायला आली होती.

निर्यातीचं काम बघणाऱ्या खात्याचे साहेब खुशाल सांगत होते की दाखला झटपट मिळतो. आणि आमच्या निर्यातदार संघटनेच्या शहाण्यांनी टेबलावर केळ्यांच्या हिरव्यागार फण्या सजवलेल्या! आपल्याकडे पाहुण्याला माल दाखवायचा तो हिरवाच. त्या सजावटीने साहेबांचंच म्हणणं खरं ठरतंय, हे कोणाच्या ध्यानातच येईना. मला धक्क्यावरचा तो दिवस आठवला. मी लहान आहे, दिल्लीच्या व्यापाऱ्यासमोर मजेत पिवळं केळं सोलतेय, आणि तुम्ही ते हातातून काढून घेताय. "पोरी, गिऱ्हाईकापुढे पिकलेलं नाही काढायचं. त्याला वाटतं, सगळ्या गाडीचा मालच पिकून उतरला."

आज मी नेमकं तेच काढलं. तपासणीला नमुना पाठवला त्या दिवशी कापलेल्या मालाची पेटी आणली होती, ती त्या फण्यांशेजारी उघडली. वासानेच पुढचे लोक मागे सरले. समितीच्या अध्यक्षबाईंनी दाखला कुठाय विचारलं.

"अभी तक आया नहीं, मॅडम," मी म्हटलं. "केले तो गए."

त्या साहेबांकडे वळल्या. "इसका जवाब लिखकर दीजिए. सदन में रखना है."

साहेब कागद चाळत राहिले. आबा, तुम्हाला काय सांगू, सरकारला असं कोणी जाब विचारताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते.

प्रयोगशाळा इथे होईल की नाही, ठाऊक नाही. आणि खरं सांगायचं तर आत्ता मला प्रयोगशाळेपेक्षा साहेबांच्या पडलेल्या तोंडाचाच जास्त आनंद झालाय. म्हणून तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही लगेच साहेबांना चहाला बोलावून माझ्या वतीने माफी मागितली असती.