सातवीची मुलं आणि बाबांचे टोस्ट

बेसा, नागपूर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. दिवाळीत खाप्याला आले तेव्हा तुमच्या ओट्याखाली टोस्टांची रिकामी पाकिटं सापडली. ती गुपचूप पिशवीत घालून इकडे आणली. रागावू नका. यंदा सातवीला मराठीचं वाचन आणि इतिहास-भूगोल मी खाण्यापिण्यातूनच शिकवते आहे. धडा वाचताना जांभया देणारी मुलं पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं डोळ्यांत तेल घालून वाचतात. रजतनं मैदा, साखर, पामतेल असं मोठ्यानं वाचलं आणि दुर्गेशनं विचारलं, की मॅडम, हे आजोबा जेवतात केव्हा?

डॉक्टरांनी तुमची शुगर वाढल्याचं सांगितलंय. आई गेल्यापासून तुम्ही म्हणता, रोज भाजी-भाकर करतो. मुलांचा विश्वास नाही. माझा आहे, असं मी त्यांना सांगितलंय. खरं काय ते कळवा.

लोभ आहेच, त्यावर साखर पेरू नका.

तुमची,
दिपाली


खापा
२८ नोव्हेंबर २०२४

चि. दिपालीस,
अनेक आशीर्वाद.

बापाच्या घरचा कचरा वर्गात मांडाले तुले लाज नाही वाटली काय वं? ती पाकिटं पाहुण्याईची होती.

तुया पोराईले वाचाची एवढीच हौस असन, तर मायाकडून एक प्रश्न टाक. आमच्या लहानपणी घरोघरी ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी. गव्हाची पोळी सणालेच. आता शिवारात ज्वारी दिसत नाही. ते काहून गेली? आपापल्या आजी-आजोबाले विचारून मले लिहा म्हणा. पुस्तकातून उतरवलं तर मले बरोबर समजते.

आगाऊपणा केला तरी आशीर्वाद कमी होत नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुया बाप,
मनोहरराव


बेसा, नागपूर
६ डिसेंबर २०२४

ती. आजोबांस,
सातवीच्या सगळ्या वर्गाचा सा. न. सगळ्यांच्या वतीनं मी, रोशनी, लिहिते आहे.

मॅडमनं तुमचं पत्र आम्हाला वाचायला दिलं. 'मले-तुले' आलं की आम्ही हसलो, कारण घरी आम्हीही असंच बोलतो, पण लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तुमचा प्रश्न घरी विचारला. प्रीतीची आजी कन्हानची. ती म्हणाली, रेशनवर गहू मिळू लागला आणि भाकरी थापून थापून दुखणारे हात सुटले. दुर्गेशचे आजोबा म्हणाले, शिवारात सोयाबीन आलं आणि ज्वारीवरची पाखरं हाकलायला माणूस मिळेना. माझी आजी तर मलाच रागावली. म्हणाली, भाकर काही आवडीनं खात नव्हतो, दुसरं काही नव्हतंच. आम्ही तिन्ही उत्तरं खरी धरली आहेत.

मग मॅडमनं पत्र पुन्हा वाचायला लावलं. पत्रात काय आहे ते सोडा, काय नाही ते शोधा, म्हणाल्या. आम्हाला सापडलं. तुम्ही लहानपणी काय खायचे ते आहे. काल काय खाल्लं ते नाही. आणि पाहुणे एवढे टोस्ट खातात का, असं रजत विचारतो.

राग आला तरी चालेल, पण उत्तर यावं.

तुमची,
रोशनी


खापा
१४ डिसेंबर २०२४

चि. दिपालीस आणि सातवीच्या फौजदाराईले,
अनेक आशीर्वाद.

पाहुणे कोणी आले नव्हते. दिपाली, तुयी आई गेल्यापासून मी गॅस चहापुरताच पेटवतो. भाकर येत नाही असं नाही. पण एकट्यासाठी पीठ भिजवाले बसलो का हात थांबते. कोणासाठी करून राहिलो, असं वाटते. टोस्ट खाल्ला तर असं काही वाटत नाही.

मंग पत्र घेऊन आनंदरावकडे गेलो. माया संग एसटीत कंडक्टर होता तो. पोरं पुण्याले, घरात एकटाच. पत्र वाचून लई हसला. म्हणे, मी बी चिवड्यावरच आहो गा. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ घेऊन माया दारात उभा. पहिली भाकर नकाशासारखी झाली. रजतले सांग, विदर्भच होता. फक्त गोंदियाकडून जळाला.

आता सांजच्याले तो येते, नाहीतर मी जातो. त्याले मीठ कमी लागते, मले जास्त. भांडण रोज होते. जेवणही रोज होते.

तुमच्यावर जीव आहेच. तुमचाही आम्हा दोघाईवर असू द्या.

मनोहरराव