सिग्नल म्हटलं होतं मी

हुडको कॉलनी, मंगळवार, जेवणानंतर

दुर्गच्या डॉक्टरांनी आज रिपोर्ट समजावला. माझ्या चिमीच्या डोळ्यातलं भिंग सरकलंय, पण दोष लिव्हरचा. अंडी-डाळीतल्या प्रथिनांमधल्या मेथिओनिनपासून शरीरात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य बनतं आणि लिव्हरमधलं एक एन्झाइम ते मार्गी लावतं. चिमीचं एन्झाइम कामच करत नाही, म्हणून सगळं रक्तात साचतं. "हे लांब हातपायही त्यातलेच," डॉक्टर म्हणाले.

लांब हातपाय. पेपरातल्या माझ्या विनोदी सदरात मी तिच्या उंचीवरून तिला 'आमच्या घरचा सिग्नल' म्हटलं होतं. लोक हसले, मी तर सगळ्यांच्या आधी. वर पोरगी वाळकी दिसते म्हणून रोज अंडं खाऊ घालत होतो.

बी-सिक्सच्या गोळ्यांनी काहींचं एन्झाइम कामाला लागतं म्हणे. हिचं लागेल? महिन्याभरानं रक्त तपासल्यावर कळेल.

आज जेवतानाही मी सवयीनं अंडं वाढलं. बायको म्हणाली, "कावून वाढून राहिले तुम्ही? आताच तं डॉक्टरनं मना केलं."

चिमी शांतपणे म्हणाली, "बाबा, गोळीनं हाइट कमी झाली, तो कॉलम में क्या लिखोगे?"

उंची कमी होत नसते, हे तिलाही माहीत आहे. अंडं मी माझ्या ताटात घेतलं. ते तसंच राहिलं.