ग्लेनिस मॅडमचा गाऊन

तुळिंज

आई, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

ग्लेनिस मॅडमचा गाऊन मीच शिवला. त्या ऑपेरा गातात, माईकशिवाय, सोबत नुसता पियानो. टेलर काकी म्हणालेल्या, "बिघडवलास तर गावी पाठवीन."

मी माप ब्लाऊजसारखं घट्ट घेतलं. स्टेजमागे मॅडमनी श्वास भरला तर शिवण करकरली! मला बोलायची किती भीती, तुला माहितेय. तरी विचारलं, "मॅडम, बाजू उसवू का?"

"उसव गं लवकर, मला पोटभर श्वास लागतो!"

तू शिकवलंस तसं आत जास्तीचं कापड सोडलेलं, म्हणून तिथल्या तिथे सैल करून पुन्हा शिवता आलं.

सगळे गाणं ऐकत होते, मी मॅडमच्या बरगड्या बघत होते. सगळ्यात उंच सुराला शिवण टिकली तेव्हा मला रडूच आलं.

काकींनी कामावर ठेवून घेतलंय. माझी शाळा सुटली ते आता मनाला लावून घेऊ नकोस.

तुझीच,
क्षितिजा