पुढच्या खोलीची जमीन मोकळी ठेवण्याबाबत

।। श्री सिद्धनाथ जोगेश्वरी प्रसन्न ।।

मी, श्रीमती चंद्राबाई नाथाजी विरकर, वय चौऱ्याहत्तर किंवा शहात्तर, शिक्षण चौथी, धंदा घरकाम व शिवणटिपण, कायमची राहणार म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम मुलाचा फ्लॅट, चौथा मजला, सांगली, आज खुशीने लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे, सुई मी चष्म्याशिवाय ओवते, आणि हे लिहायला मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला घरात कोणी नाहीच. मुलगा विश्वजीत आणि सून क्रांती कामावर गेलीत, नात सई शाळेला. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. आतलं लाकडी दार मी वाऱ्याला उघडं ठेवते. त्यातून समोरच्या फ्लॅटमधले गोपाळकृष्ण साहेब खुर्ची टाकून पेपर वाचताना दिसतात. ते कोर्टात कारकून होते. परवा मी त्यांना जाळीतूनच विचारलं, "साहेब, मेल्यावरचा कागद करायला काय काय लागतं?"

"काही नाही हो. साधा कागद चालतो. तुमची सही आणि दोन साक्षीदार. का, बरं वाटत नाही का?"

"लय बरं वाटतंय. म्हणून तर."

तेव्हापासून मला इतका आनंद झालाय की भाकरी दोनदा करपली.

हे कागद सईच्या जुन्या वह्यांतले कोरे राहिलेले आहेत. साहेब म्हणाले, पानांवर नंबर घाला. नंबर घातलेत, शिवाय कडेने वाकळेच्या, म्हणजे गोधडीच्या, दोऱ्याने दुहेरी धावदोरा घातलाय. मधलं पान कोणी काढलं तर उसवलेलं लगेच दिसेल.

कलम पहिले. हे आजच का. तर येत्या सोमवारी विश्वजीत मला गाडीत घालून नोंदणीच्या कचेरीत नेणार आहे. म्हसवडच्या घराला त्याने गिऱ्हाईक बघितलंय. "आई, नुसती सही करायची आणि परत यायचं," म्हणतो. पोरगा वाईट नाही. फ्लॅटच्या हप्त्यांनी त्याची झोप गेलीय, हे मला दिसतं. पण ते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. आमचे मालक मुंबईला बंदरात हमाली करायचे, वर्षातून दोनदा यायचे. घर बांधलं तेव्हा म्हणाले, "मी तिकडं, तू हितं. तुझ्याच नावावर बरं." तेव्हा मी लाजले होते. आता कळतं केवढी सोय करून गेले.

घर दोन खोल्यांचं, सिद्धनाथाच्या देवळामागच्या गल्लीत. दिसायला काही नाही. पण पुढची खोली लांबरुंद, शहाबादी फरशीची, आणि तिच्यात काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. वाकळ शिवायची तर ती पुरती अंथरावी लागते. खाली जुनं लुगडं, वर फाटकी धडुती, त्यावर ठिगळं, आणि चार बाजूंनी चार बायका बसून कडेपासून आत शिवत जायचं. गल्लीत आता सगळ्यांनी सोफे घेतलेत, दिवाण घेतलेत, कोणाच्या घरात वाकळ अंथरायला जागा उरली नाही. म्हणून दुपारी सगळ्या माझ्याकडे. दोन दिवाळ्या झाल्या, घर बंद आहे. शेजारची बायडाबाई फोनवर म्हणते, "आवं चंद्राक्का, अर्धी वाकळ गुंडाळून ठिवलीया. उंदरं खात्याली. कवा येताय?"

मी म्हणते, येते. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला दाराला तोरण बांधताना स्टुलावरून पडले, मनगट मोडलं, आणि विश्वजीत मला पंधरा दिवसांसाठी म्हणून इकडे घेऊन आला. मनगट कधीच जुळलं.

कलम दुसरे. कुलूप कशाने आलं तेही लिहून ठेवते, नाहीतर लोक सुनेला बोल लावतील. पहिले काही महिने कुलूप नव्हतं. मी खाली जायचे. कोपऱ्यावर एक शिंपी आहे, तो कातरण गोणीत भरून फेकायचा. काय एकेक तुकडे! खणाचे, जरीचे, मखमलीचेसुद्धा. मी म्हटलं, फेकतोस कशाला रं, मला दे. गोणी डोक्यावर घेतली आणि आले. पण इथल्या तिन्ही बिल्डिंगा एकसारख्या. मी भलत्याच जिन्याने चढले आणि भलत्याच लोकांची बेल दाबली. त्या बाईंनी माझा गोणीसकट फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "कोणाची आजी आहे?" क्रांतीने तो ऑफिसात बघितला.

संध्याकाळी विश्वजीत म्हणाला, "आई, तू आता भंगार गोळा करणार व्हय?"

"भंगार न्हाई, कातरण हाय."

"तिथं म्हसवडात कोण हाय तुझं, हितं काय कमी हाय, सांग की!"

इथे भिंतीला खिळा मारायचा नाही, रंग उडतो. गॅलरीला कबुतरांची जाळी, दाराला चोरांची जाळी. दुसऱ्या दिवशी कुलूप आलं. वॉचमन तानाजीलाही सांगून ठेवलं की आजी खाली दिसल्या तर वर आणून सोडायचं. सकाळी मी दारापासून खिडकीपर्यंत जाते, खिडकीपासून दारापर्यंत येते. मग बसून शिवते.

कलम तिसरे, जिनसा. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत त्या अशा वाटाव्यात.

दुधाच्या पिशव्या कापून विणलेल्या बैठका सगळ्या गल्लीतल्या बायकांना. लोकरीची तोरणं देवळात द्यावीत. फुटक्या बांगड्यांचा पडदा सईला. तिला तो आवडतो, पण आईसमोर आवडत नाही म्हणते. लग्नपत्रिकांवरचे गणपतीही सईलाच. पत्रिका रद्दीत टाकता येते, गणपती कसा टाकणार? म्हणून मी ते कापून ठेवते. खिळा मारायची बंदी म्हणून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. कपाट उघडलं की जत्रा भरते. बंद केलं की क्रांतीला त्रास नाही.

पाठीला लावायची वाकळेची उशी गोपाळकृष्ण साहेबांना द्यायचं ठरवलं होतं, त्या खुर्चीत त्यांची पाठ अवघडते. पण ते म्हणाले, "चंद्राबाई, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. उशी तरी द्या, नाहीतर सही तरी घ्या."

"मग सहीच करा. पाठ दुखू द्या."

"अहो, निदान विचार तरी करायचा होता जरा!" म्हणाले, पण हसले.

तानाजीलाही रात्रपाळीला पांघरायला वाकळ द्यायची होती. तीही खोडली. या बिल्डिंगीत माझ्याशी बोलणारी माणसं दोनच, आणि दोघांनाही रिकाम्या हातानं ठेवावं लागतंय. कायदा असा का केलाय, मला कळलं नाही.

माझी मोठी कात्री थोरल्या जाऊबाईंना. का, ते त्यांना बरोबर कळेल. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या भावाची हळद होती. नऊवारी नेसून, पिशवी भरून, गाडीची वेळ होईपर्यंत मी वाकळेवर चार टाके घालायला बसले. शेजारी जाऊबाई. उठायला गेले तर उठता येईना. माझ्या लुगड्याचा काठ वाकळेत शिवलेला, चांगला हातभर! उसवेपर्यंत एसटी गेली. जाऊबाई म्हणाल्या, "आगं बया, मला दिसलंच न्हाई." दिसलं नाही म्हणे. टाका तर असा बारीक आणि सरळ की मशीन झक मारेल. आजही त्यांच्यासारखा टाका गल्लीत कोणाचा नाही, हेही खरं म्हणून लिहिते. कात्री मात्र घ्यावीच.

कलम चौथे, घर. यावर मी बरेच दिवस विचार केला. विश्वजीतला दिलं तर माझ्या तेराव्याच्या आत विकेल. सईला द्यावं, तर साहेब म्हणाले ती अजून अज्ञान आहे, तिचा कारभार बापाकडेच जाईल. बायडाबाईला दिलं तर तिची पोरं तिथे गोठा करतील.

म्हणून म्हसवडचं माझं घर मी माझी सून क्रांती विश्वजीत विरकर हिला देते.

वाचून ती दचकेल. तर सांगते. क्रांती आपली म्हटलेली वस्तू सोडत नाही. हॉटेलातून भाजी आली की तो प्लास्टिकचा डबा धुऊन, पुसून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. माझ्या पिशव्यांच्या बैठकीला नाक मुरडते आणि स्वतः भेटींचे चकचकीत कागद इस्त्री करून ठेवते! माहेरचा मिक्सर बंद पडून वर्षं झाली, विश्वजीतने भंगारात घालतो म्हटलं तर म्हणाली, "माझा आहे. हात लावायचा नाही." मिक्सर अजून माळ्यावर आहे. सकाळी मला कुलूप लावते, ओढून बघते, जिन्याशी जाते, परत येऊन ओढून बघते. जाळीतून मी बघत असते, ती माझ्याकडे बघत नाही. अशा बाईच्या हातचं घर कोणाला विकता येणार नाही. इतकं घट्ट राखणारं माणूस आमच्यात दुसरं नाही.

अटी दोनच. पुढच्या खोलीत सोफा, दिवाण, कपाट, काहीही ठेवायचं नाही, फरशी मोकळी पाहिजे. आणि एक किल्ली बायडाबाईकडे राहील, म्हणजे दुपारच्या बायकांना आत जाता येईल. भिंतींना हवे तेवढे खिळे मारावेत. क्रांतीला वाटलं तर तिनेही तिथे जावं, एकटीनं, चार दिवस. तिलाही कुठे जायला जागा नाही. भावाच्या घरी गेली तर दुसऱ्या दिवशीच परत येते.

कलम पाचवे. साहेब म्हणाले, मृत्युपत्र ते करणारा मेल्यावर उघडायचं असतं. मी तेवढं थांबणार नाही. मी हे आज संध्याकाळी, चहा झाल्यावर, सगळ्यांसमोर स्वतः मोठ्याने वाचणार आहे. विश्वजीत ओरडेल, ओरडू दे. क्रांती काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि तेच मला बघायचंय. सोमवारी मी गाडीत बसेन, कारण दाराबाहेर पडायची ती एकच वेळ आहे. पण कचेरीत सही करणार नाही. विश्वजीतने पेन हातात दिलं तर मी त्याला विचारीन की सिद्धनाथाच्या रथाची जत्रा चार दिवसांवर आलीय, गाडी तशीच पुढे म्हसवडला घेतोस, की मला परत वर नेऊन ठेवतोस? काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. त्याने परत आणलं तर मी परत येईन. माझ्याने एसटीत एकटीनं चढवत नाही आता.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

ठिकाण: सांगली
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, दुपार

चंद्राबाई नाथाजी विरकर (सही)

साक्षीदार

१. गोपाळकृष्ण अवधूत साठे, सेवानिवृत्त न्यायालयीन कारकून, राहणार समोरील फ्लॅट. श्रीमती विरकर यांनी आमच्या दोघांच्या समक्ष, जाळीच्या आतील बाजूस स्टुलावर बसून सही केली. कागद जाळीतून बाहेर घेऊन आम्ही आमच्या सह्या केल्या व परत आत दिला. त्या पूर्ण शुद्धीवर असून हसत होत्या. (सही)

२. तानाजी सयाजी माने, वॉचमन. साहेबांनी लिहिलंय ते खरं आहे. आजींनी मला दार उघड असं एकदाही म्हटलं नाही. कुलूप बाहेरून होतं. किल्ली आमच्या दोघांकडे नाही. (सही)