बंद डब्यातला रेझर आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, धंदा पुस्तकबांधणी (हल्ली बंद), हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली किंवा कोणाच्या भरीस पडून नव्हे, तर खिडकीपाशी बसून, चहा घेऊन, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यावर मुलगी म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे हो, पण ते ठिकाण कुठलं, हे डॉक्टरांनी विचारलंच नाही." तिचेही म्हणणे नोंदवून ठेवतो. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात पुष्कळ केली. दर वेळी कलम चार अगदी पाठ असल्यासारखे यायचे.

कलम १. दुकानातले दाबयंत्र, टोचे, सुया, मेण लावलेला दोरा आणि हाडाची पट्टी नातीला द्यावी. ती वह्या स्वतः शिवते आणि टाके सारखे घालते. हाडाची पट्टी हाताळून हाताळून माझ्या अंगठ्याच्या आकाराची झाली आहे. तिचा अंगठा लहान आहे. पट्टी जुळवून घेईल.

कलम २. माझे सातवीतले कवितांचे पुस्तक. शाळा सुटली तेव्हा ते फाटलेले होते, आणि ते बांधता यावे म्हणूनच मी हा धंदा शिकलो, असे म्हटले तरी चालेल. हे पुस्तक शाळेच्या मुख्याध्यापकांनी "दोन दिवसांत देतो" म्हणून नेले, त्याला एकोणीस वर्षे झाली. ते मिळवून नातीला द्यावे. उशिराबद्दल माझा राग नाही. पाने दुमडलेली असतील तर आहे.

कलम ३. बँकेतली ठेव मुलीची. मी कविता पाठ करतो तशा तिने माझ्या औषधांच्या वेळा पाठ केल्या आहेत, आणि म्हणून दाखवते त्याही तेवढ्याच मोठ्याने.

कलम ४. माझे राहते घर, खाली दुकान व वर दोन खोल्या, संपूर्ण मुलीला द्यावे. मुलाला फळीवरचा पत्र्याचा बंद डबा द्यावा, ज्यात माझा जुना रेझर आहे. दुसरे काहीही देऊ नये. का, ते त्याला ठाऊक आहे.

(वरील कलम चार आज सकाळी रद्द केले आहे. रेघ एकच मारली आहे. वकील म्हणाले, "अख्खं पान नव्याने लिहा, स्वच्छ दिसेल." मी नको म्हटले. रेघेखालचे वाचता आले पाहिजे.)

कलम ५. रद्द करण्याचे कारण लिहिण्याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

तीस वर्षांपूर्वी मुलगा वीस वर्षांचा होता. त्याला विजेच्या मोटारी दुरुस्त करायला शिकण्यासाठी परगावी जायचे होते. एका संध्याकाळी त्याने विचारले. मी म्हणालो, "बापाचा धंदा आयता हातात असताना तू तारा जोडत हिंडणार? जमायचं नाही." तो दारातून जाता जाता म्हणाला, "बाबा, तुम्हाला कापलं तरी रक्त निघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो. माझी पद्धत ठरलेली. साबणाचा दाट फेस करायचा, ब्रश गालांवर गोल गोल फिरवायचा आणि डोळे मिटून शाळेत पाठ केलेली नदीची कविता म्हणायची. आठ कडवी. पहिल्या चारांत दाढी भिजते, उरलेल्या चारांत होते. आरसा लागतो तो फक्त भांगापुरता. पाचव्या कडव्यात नदी वळण घेते, तिथे माझा हातही हनुवटीवर वळतो. त्या दिवशी नेमके तिथेच पाते आत गेले. सदरा भिजला. डोळे उघडून पाहिले तर पाते एका बाजूने भलतेच बाहेर आलेले.

मुलगा धावत आला. "काल मी खोलून साफ करून ठेवला होता, बाबा. साबण साचला होता त्यात, म्हटलं तुम्हाला..."

मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "साफ करून ठेवलास? की बापालाच साफ करायचा बेत होता?" हे मी त्याच्या आईसमोर, बहिणीसमोर बोललो. कालचे त्याचे वाक्यही सर्वांना ऐकवले. कविता पाठ असणाऱ्या माणसाला बाकीचेही फार पाठ राहते.

त्याच आठवड्यात तो गेला. तेव्हापासून त्याने स्वतःच्या गालाला पाते लावलेले नाही. घरात त्याला दाढीवाला म्हणतात, मी सोडून. मी त्याला काहीच म्हणत नाही, कारण आम्ही बोलत नाही. तो रेझर मी होता तसा, रक्तासकट, पत्र्याच्या डब्यात टाकला, झाकण ठोकले आणि पुरावा म्हणून फळीवर ठेवला. ही दोनदा म्हणाली होती, "एकदा उघडून बघा तरी." मी म्हणायचो, "त्यात बघायचंय काय?" तिला जाऊन सहा वर्षे झाली. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही.

त्यानंतर मी स्वतःची दाढी कधी केली नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे, ज्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणतो, त्यांच्या खुर्चीत तीस वर्षे मान मागे टाकून बसलो. चार महिन्यांपूर्वी वस्तादांचा हात थरथरू लागला आणि त्यांनी दुकान मिटले. माझी दाढी वाढली. मुलगी म्हणाली, "आता बापलेक सारखे दिसायला लागलात." बहुधा तिनेच तिकडे कळवले असावे. आठवड्याभरात मुलाकडून खोके आले: नवा सेफ्टी रेझर, सुट्या तीन भागांचा, ब्रश, साबणाची वडी. पत्र नाही, असे मला वाटले.

"वापरा की," मुलगी म्हणाली. "बॉम्ब नाहीये तो."

"त्याने पाठवलाय ना? मग सांगता येत नाही."

खोके कपाटावर गेले.

आज नोंदणीसाठी फोटो काढायचा आहे. सरकारी कागदावर कायमचा दाढीवाला राहण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून सकाळी खोके खाली काढले. वरची टोपी, मधली पट्टी, खालचा दांडा. तीस वर्षांत हात जोडणी विसरले होते, तरी पाते घातले, आवळले. नवा साबण फेस सुरेख करतो, हे प्रामाणिकपणे लिहितो. ब्रश गालाला लागताच तीस वर्षांपूर्वीची सकाळ अशी जवळ आली की आतून हिच्या भांड्यांचा आवाज येईल असे वाटले. डोळे मिटले, कविता सुरू केली. रेझर नुसता खरवडत होता. वाटले, नवा आहे, जोर हवा असेल. जोर दिला. पाचवे कडवे, हनुवटी, आणि पाते पुन्हा तिथेच, जुन्या व्रणाच्या खाली बोटभर.

साक्षीसाठी बोलावलेले वस्ताद तेवढ्यात दारात आले. मी टॉवेल धरून बसलेला.

"मालक, हे काय करून घेतलंत?"

"मी नाही. चिरंजीवांनी. तीस वर्षांपूर्वी राहिलेलं काम टपालाने पाठवलंय."

वस्तादांनी रेझर उचलून डोळ्यांजवळ नेला. "पट्टी उलटी लावलीत."

"कसली पट्टी?"

"ही मधली. फुगीर बाजू वर पाहिजे. त्यावर पातं वाकतं आणि गच्च बसतं. उलटी लावली की सैल राहतं, कुठंही सरकतं. अहो, नवखा माणूस हटकून हेच करतो. माझ्याकडे कामाला आलेला एकेक गडी हे करून बसलाय."

मी उठलो आणि फळीवरचा डबा काढला. झाकण गंजले होते; मुलीने चमच्याच्या दांड्याने उचकटले. वस्तादांनी जुना रेझर उजेडात धरला, हळूहळू फिरवला.

"हीपण उलटीच," ते म्हणाले. मग दांडा डोळ्यांजवळ नेऊन, "पण मालक, काय साफ केलाय हो पोरानं! रक्ताचा डाग तेवढा आहे, पण दांड्याच्या आट्यांत साबणाचा कण नाही."

माझ्या मुलीने तोंड फिरवले. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके न वाचता बांधली, तो धंदाच होता. हा डबाही तसाच बांधून ठेवला.

कलम ६. मुलीने फोन लावून माझ्या हातात दिला. संभाषण जसेच्या तसे लिहितो, कारण घराची वाटणी त्यावरून ठरली.

मी म्हणालो, "पट्टी उलटी लागली रे."

तिकडून, "खूप लागलंय का?"

"थोडं."

"लाल ठिपका वर ठेवायचा, बाबा. मी रंगवून दिलाय. साबणाच्या वडीखाली चिठ्ठी आहे."

वडी उचलली. कागदावर तीनच शब्द: ठिपका वरच्या बाजूला. पट्टीवर मोहरीएवढा लाल ठिपका होता. डोळे मिटून दाढी करणाऱ्याला तो कसा दिसणार.

"तुला हे कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. गाडीत बसल्यावर हातांनी आठवून बघितलं, कशी लावली होती ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं होतं, तुम्ही डबा उघडाल."

सबब, दुकान मुलाला द्यावे, वरच्या दोन खोल्या मुलीला. मुलीची हरकत नाही. ती एवढेच म्हणाली, "जिना कोणाचा ते आत्ताच लिहा, नाहीतर मी खिडकीतून उतरायची." जिना दोघांचा.

कलम ७. जुना रेझर, पट्टी उलटीच ठेवून, मुलाला द्यावा. डब्याचे झाकण पुन्हा ठोकू नये. मात्र हे कलम माझ्या मृत्यूपर्यंत थांबवू नये. येत्या रविवारी सकाळी, मुलगा येईल तेव्हा, मी ते स्वतः अमलात आणीन. नव्या रेझरने माझी अर्धी राहिलेली दाढी त्याने पुरी करावी. मी डोळे उघडे ठेवीन. कविता म्हणेन, पण हळू. त्याने स्वतःची दाढी ठेवावी की काढावी हे त्याचे त्याने ठरवावे. फोटोही तोवर पुढे ढकलला आहे.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि जमेल तेवढ्या उशिरा तो मला समजला, म्हणून सही करतो.

स्थळ: राहते घर, खिडकीपाशी
दिनांक: चौदा मार्च, सकाळचे साडेदहा

(सही) लिहून देणार

साक्षीदार १: (सही) वस्ताद, कोपऱ्यावरचे न्हावी. हात कापतो म्हणून सही वाकडी आहे. ती त्यांचीच आहे.

साक्षीदार २: (सही) समोरच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई.

दोन्ही साक्षीदारांनी हेही पाहिले आहे की कलम चारशेजारी पडलेला डाग शाईचा नाही. तो लिहून देणाऱ्याच्या हनुवटीचा आहे. मुलाला कळवावे, की कापलं तर निघतं.